पुण्यस्मरण आणि कडेवरचे मूल

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या प्रथम पुण्यस्मरणाची तारीख ठरली, की गावोगावच्या आप्तांना निरोप जातात. नोकरीनिमित्त शहरात स्थिरावलेल्या नातवंडांच्या घरी हा निरोप पोहोचतो आणि तेथे वर्ष-दीड वर्षाचे मूल असेल, तर तयारीच्या आधी शंकाच उभ्या राहतात. एवढ्या लहान मुलाला न्यावे का? त्याला काय कळणार? पूजेत रडले तर? प्रवासात आजारी पडले तर? पुष्कळदा या शंकांचा शेवट ‘यंदा राहू दे’ या निर्णयात होतो. कधी घरातील एकच जण जाऊन येतो, तर कधी कोणीच जात नाही आणि व्हिडिओ कॉलवरून पूजा पाहून समाधान मानले जाते.

ही अडचण खरी आहे. तिला अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि निर्णय करण्यापूर्वी पुण्यस्मरण नेमके कोणासाठी असते, याचा विचार अवश्य व्हावा.

जैन दर्शनानुसार देह सोडलेला जीव कोणाची वाट पाहत थांबत नाही. आपल्या कर्मानुसार तो अवघ्या काही समयांत पुढील गतीला पोहोचतो. आणि समय म्हणजे काळाचा सर्वांत सूक्ष्म अंश. म्हणूनच जैन आचारात पिंडदान वा तर्पण यांना स्थान नाही. वर्षभरानंतर मांडलेल्या पूजेने किंवा वाढलेल्या पंगतीने गेलेल्या आजोबांना काही पोहोचवता येत नाही, कारण प्रत्येक जीव स्वतःच्याच कर्माचा कर्ता आणि भोक्ता आहे. हा सारा खटाटोप मागे राहिलेल्यांसाठी असतो. त्यांचे परिणाम निर्मळ व्हावेत, गेलेल्याच्या गुणांची अनुमोदना घडावी, त्यातला एखादा गुण आपल्या आचरणात यावा, एवढाच त्याचा हेतू. हे एकदा मान्य केले, की कडेवरच्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जे मागे राहिले आहेत, त्यांतील सर्वांत लहान ते आहे. ज्यांच्यासाठी हा दिवस आहे, त्यांत त्याचीही गणना होते. त्याच्या सोयीने कार्यक्रम थोडा मागेपुढे झाला, तर पुण्यस्मरणाचे काही उणे होत नाही.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पुण्यात राहणारे तरुण दांपत्य, पदरी दीड वर्षाची मुलगी. मुलीच्या आईचे आजोबा गेल्या वर्षी शिरोळ तालुक्यातील गावी वारले. जयसिंगपूरच्या अलीकडे-पलीकडे अशी कितीतरी शेतकरी जैन घरे आहेत, ज्यांची पुढची पिढी पुण्या-मुंबईला गेली आहे. गावी आता ऐंशी ओलांडलेली आजी, दोन मुलगे, सुना आणि शेती. पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी बस्तीत अभिषेक व पूजा, नंतर घरी गुणस्मरण आणि भोजन. आत्या, मामा, चुलत भावंडे मिळून साठ माणसे एकत्र येणार. दीड वर्षाची पणती त्या घरात प्रथमच पाऊल ठेवणार आहे.

प्रवासाची आखणी

पुण्याहून हे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचे. रेल्वेने सातारा, कराड, सांगली, मिरज करीत जाता येते. रस्त्याने खंबाटकीचा घाट उतरून महामार्गाने. ज्या मुलाला नुकतेच चालता येऊ लागले आहे, त्याला तासन्‌तास बांधून ठेवणे ही मोठी शिक्षा असते, म्हणून शक्य असेल तेथे रेल्वे बरी. डब्यात दोन पावले टाकता येतात, खिडकी असते, आणि आईवडिलांपैकी कोणालाच गाडी चालवायची नसते. पाच वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ घ्यायचा नसेल, तर रेल्वेचे तिकीट लागत नाही. एसटीतही पाच वर्षांखालील मुलांचा प्रवास विनामूल्य आहे. ज्येष्ठांपैकी कोणी सोबत येणार असेल, तर ७५ वर्षांवरील व्यक्तींना एसटीत ऑगस्ट २०२२ पासून तिकीट पडत नाही, हेही ध्यानात असावे.

मोटारीनेच जायचे ठरले, तर मुलाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन बसण्याची सवय सोडली पाहिजे. अचानक ब्रेक लागला, तर कोणत्याही आईच्या हातांत मूल धरून ठेवण्याइतके बळ नसते. मुलाच्या वयाला व वजनाला योग्य असे बालआसन मागच्या बाजूस पक्के बसवावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, चौदा वर्षांखालील मुलास सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय बसवल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. पण हा प्रश्न दंडापेक्षा जिवाचा आहे. दर दोन तासांनी थांबून मुलाला मोकळे चालू द्यावे. सांगली-कोल्हापूरकडे ऊसगाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चाललेल्या असतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. त्यामुळे अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचणे केव्हाही हिताचे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आदल्या दिवशी, शक्यतो दुपारपर्यंत पोहोचावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप लागते. नव्या घरात, नव्या माणसांत त्याची पहिली रात्र बहुधा अर्धवट झोपेची जाते. कार्यक्रमाच्या सकाळीच प्रवास करून थेट पूजेला बसवलेले मूल रडले, तर त्यात त्याचा दोष कोणता? घरचीच एखादी चादर आणि रोजचे खेळणे सोबत असावे. धुऊन स्वच्छ केलेल्या नव्या चादरीपेक्षा घरच्या वासाची जुनी चादर मुलाला लवकर झोपवते.

घरातील नियम आणि मुलाची भूक

पुण्यस्मरणाच्या घरी आहाराचे नियम नेहमीपेक्षा काटेकोर पाळले जातात. कंदमूळ नसते, पाणी गाळून उकळलेले असते आणि सूर्यास्तापूर्वी चुली थंड होतात. मार्गशीर्ष-पौषात सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो. शहरात रात्री आठला जेवणाऱ्या मुलाच्या आईला येथेच धास्ती वाटते.

यांतील पाण्याचा नियम मुलाच्या पथ्यावरच पडतो. परगावच्या पाण्याने पोट बिघडण्याचे भय असते. उकळलेले पाणी त्यावरचा साधा उपाय आहे. तरीही जुलाब झालेच, तर हाताशी ओआरएसची पाकिटे असावीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी; एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने मिसळणे धोक्याचे असते. शहरात बटाट्यावर वाढलेल्या मुलासाठी लाल भोपळा, दुधी, उकडलेले कच्चे केळे, मुगाची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व असे कितीतरी पर्याय आहेत. प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपासून त्यांची चव लावली, तर गावी गेल्यावर अडत नाही. जेवणाची वेळही रोज थोडी थोडी अलीकडे आणता येते.

राहिला रात्रीच्या दुधाचा प्रश्न. मध्यरात्री उठून दूध मागणाऱ्या मुलाकडे पाहून एखादी वृद्ध आत्या काही बोलून जाते आणि आईच्या मनाला ते लागते. अशा वेळी घरातील जाणत्यांनीच स्पष्ट बोलावे. व्रत हे समजून-उमजून घ्यायचे असते. परंपरेने व्रतग्रहणाची पात्रता आठव्या वर्षानंतरच मानली आहे. ज्याने व्रत घेतलेले नाही, त्याच्या हातून व्रतभंग होत नाही. भुकेल्या मुलाला रडत ठेवून कोणत्याही घराचा नियम पाळला जात नाही. अनुकंपेला तर त्याने निश्चितच धक्का बसतो. दूध, वाटी आणि गरम पाण्याची सोय सूर्यास्तापूर्वीच खोलीत करून ठेवली, म्हणजे रात्री स्वयंपाकघर उघडावे लागत नाही आणि कोणाचाच संकोच होत नाही.

साठ माणसांच्या घरात

गर्दीच्या घरी मूल हातोहात फिरते. प्रत्येकाला ते घ्यायचे असते, आणि त्यामागे प्रेमच असते. परंतु अनोळखी चेहऱ्यांची भीती हा या वयाचा स्वाभाविक धर्म आहे. रडणाऱ्या मुलाला ओढून घेतल्याने ओळख होत नाही, भीती मात्र पक्की होते. निघण्यापूर्वी आठवडाभर फोटो दाखवून ‘ही पणजी, ही आत्याआजी, हे काकाआजोबा’ अशी नावे मुलाच्या कानांवर घालावीत. पोहोचल्यावर आईवडिलांपैकी एकाने मुलाला कडेवर ठेवूनच सर्वांना भेटवावे. ‘आत्या, जरा ओळख होऊ द्या, मग तीच येईल तुमच्याकडे,’ असे हसत सांगितले, तर कोणी रागावत नाही. जमिनीवर शांत बसलेल्या वृद्धाकडे मूल बहुधा आपल्या पायांनी जाते. आजीने हात पुढे न करता नुसते एक भांडे आणि चमचा समोर ठेवला, तर ते अधिक लवकर जाते.

शेतकऱ्याचे घर शहरातील सदनिकेसारखे नसते. विहिरीचा कठडा, न्हाणीघरातील कढत पाण्याचे घंगाळ, अंगणात मागे येणारा ट्रॅक्टर, आचाऱ्याची पेटलेली चूल, पाहुण्यांनी सतरंजीवर सोडलेली औषधांची पिशवी, या सर्वांवर कोणाची तरी नजर लागते. ‘सगळे आहेत की’ या भरवशावर सोडलेल्या मुलाकडे कोणाचेच लक्ष नसते. म्हणून पाळ्या लावाव्यात. अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत मूल कोणाच्या ताब्यात आहे, हे नाव घेऊन सांगितलेले असावे. कौतुकाने हातावर ठेवल्या जाणाऱ्या खाऊविषयीही सर्वांना आधीच सांगावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि तासगाव-मिरजेकडची टपोरी द्राक्षे चार वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात. द्राक्ष द्यायचेच तर उभे चिरून, चार फोडी करून द्यावे.

आजारपणाचाही विचार दोन्ही बाजूंनी व्हावा. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याने मुलाचे मुके घेऊ नयेत, तसेच सर्दी झालेले मूल ऐंशी वर्षांच्या आजीच्या मांडीवर देऊ नये. मुलाला ताप असेल किंवा घरात कोणाला गोवर-कांजिण्या झाल्या असतील, तर प्रवास सरळ रद्द करावा. लोक काय म्हणतील, या भयाने आजारी मुलाला नेणे हे पुण्यस्मरणाला शोभणारे नाही. पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी शांतपणे जाऊन आजीजवळ बसणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.

बस्तीत मुलाला पूजेच्या आरंभी न्यावे, कारण तेव्हा ते ताजेतवाने असते. अष्टद्रव्यांपैकी अक्षता त्याच्या ओंजळीत देऊन आईच्या हाताने त्या वाहू द्याव्यात. दीप आणि धूप यांपासून मात्र त्याला दूर ठेवावे. दहा-पंधरा मिनिटांनी ते कुरकुरू लागले, की संकोच न करता बाहेर यावे. दीड वर्षाच्या जीवाची पूजा तेवढीच. उपाध्यांना आधी कल्पना दिलेली असेल, तर तेही त्या क्षणापुरता मान राखतात.

आईचा वाटा

येथे एक गोष्ट घराघरांत घडते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ज्या नातीला आजोबांनी खांद्यावर बसवून शाळेत पोहोचवले, जिच्या शिक्षणासाठी घरातील इतरांशी वाद घातला, तीच नात गुणस्मरणाच्या वेळी अंगणात मुलामागे धावत असते. आत सर्वजण आजोबांविषयी बोलत असतात. तिला त्यातले एक वाक्यही नीट ऐकू येत नाही. तिचे पती आत असतात, कारण जावयाला मानाने पुढे बसवलेले असते. परतीच्या प्रवासात कोणीतरी विचारते, ‘कार्यक्रम छान झाला, नाही?’ आणि तिला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. वर्षभर आवरून धरलेले तिचे रडू तसेच आत राहते.

ही चूक सुधारणे अवघड नाही. त्या एका तासापुरते मूल जावयाने घ्यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते त्याला आपणहून सांगावे. जावई अंगणात मुलाला घेऊन फिरला, तर त्याचा मान कमी होत नाही. उलट सासरच्या माणसांच्या मनात तो वाढतो. गुणस्मरणात नातीला बोलायला सांगावे. तिला बोलणे जमले नाही, तर तिने नुसते ऐकावे. दुपारी मूल झोपले, की आजोबांच्या खोलीत, त्यांच्या काठीजवळ, वह्यांजवळ तिला अर्धा तास एकटीला बसू द्यावे. दुःखालाही वेळ लागतो, आणि लहान मुलाची आई तो वेळ स्वतःहून कधी मागत नाही.

आजीचाही विचार याच ठिकाणी यावा. वर्षभर तिने रिकाम्या खाटेकडे पाहिले आहे. गर्दीच्या दिवशी तिला सर्वजण भेटतात, नमस्कार करतात आणि पुढे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामे झाले, की ते अधिकच रिकामे वाटते. शक्य असेल तर मुलासह आणखी एक दिवस थांबावे. साठ माणसांत जी ओळख झाली नाही, ती दुसऱ्या दिवशी ओसरीवर, ज्वारी निवडताना, सहज होते.

याच दिवशी वाटणीचे, सातबाऱ्याचे, बांधाचे विषय काढण्याची प्रथा मात्र मोडली पाहिजे. सर्वजण एकत्र आलेच आहेत, तर बोलून घेऊ, असे म्हटले जाते. पाहता पाहता आवाज चढतात आणि गुणस्मरणासाठी जमलेले घर गुणाकार-भागाकारात अडकते. दीड वर्षाच्या मुलाला शब्द कळत नाहीत, पण चढलेला आवाज कळतो. ते दचकून आईला बिलगते. त्या व्यवहारासाठी वेगळा दिवस ठरवावा.

जे आठवणार नाही ते कसे जपावे

माणसाला तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे सहसा काही आठवत नाही. म्हणजे या मुलीला पणजोबांचे घर, ती पूजा, ती माणसे यांतले काहीच स्वतःहून आठवणार नाही. तिची आठवण घरच्यांनाच तिच्यासाठी राखून ठेवावी लागेल. त्यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक वडीलधाऱ्यासोबत मुलाचे एक छायाचित्र घ्यावे आणि त्यामागे नाव, नाते व तारीख लिहावी. मोबाइलमधील हजार छायाचित्रांत नाते लिहिलेले नसते, आणि वीस वर्षांनी ते सांगणारे कोणी उरत नाही. गुणस्मरणातील भाषणांपेक्षा आजीशी निवांत झालेल्या गप्पांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे: लग्नात वऱ्हाड कशाने आले, पहिली विहीर केव्हा खोदली, दुष्काळात घराने काय खाल्ले, आजोबा कोणावर रागवत आणि तो राग किती वेळ टिके. गेलेल्या माणसाचे दोषही हळुवारपणे सांगितलेले असावेत. केवळ गुणांची यादी ऐकून पुढच्या पिढीला त्या माणसाची ओळख पटत नाही.

आजोबांच्या नावे दान करण्याची चाल बहुतेक घरांत असते. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही दानाची चारही रूपे परंपरेने सांगितली आहेत. त्यांतील एक मुलाच्या हाताने द्यावे. शाळेला पुस्तके द्यायची असतील, तर एक पुस्तक तिच्या हातात देऊन पुढे करावे. तिला त्याचा अर्थ आज कळणार नाही, पण छायाचित्र पाहून ती पुढे कधीतरी विचारील, आणि तेव्हा पणजोबांची गोष्ट सांगण्यास निमित्त मिळेल.

हे सारे केवळ मुलाच्या आईवडिलांच्या हाती नाही. पुण्यस्मरणाची पत्रिका छापणाऱ्या घरांनीही आपला वाटा उचलावा. पूजेची वेळ, गुणस्मरणाची वेळ, भोजनाची वेळ असे सर्व काही पत्रिकेत असते. त्याखाली आणखी एक ओळ घालावी: लहान मुलांच्या विश्रांतीसाठी स्वतंत्र खोली, दूध आणि उकळलेले पाणी यांची व्यवस्था केली आहे, तरी मुलांसह यावे. एवढी एक ओळ वाचून ‘यंदा राहू दे’ म्हणणारी कितीतरी घरे निघण्याची तयारी करू लागतील.